जनरल जेम्स हार्टली आणि कोकणची पलटण : मराठी वाङ्मयातील एका मौनाविषयी

सावित्री नदी महाड सोडून पश्चिमेकडे निघते आणि तिच्या पात्राला खाडीचे रूप येऊ लागते, त्या ठिकाणी दासगावचे बंदर होते. गावामागच्या टेकडीवर दौलतगडाचे अवशेष आहेत. शिवकालात या बंदरावर आणि खाडीतून होणाऱ्या ये-जा वर नजर ठेवण्याचे काम या छोट्या गडाकडे असावे. इतिहासाच्या पाठ्यपुस्तकांत महाडचा उल्लेख येतो, रायगडचा तर येतोच; दासगाव मात्र सहसा येत नाही. तथापि इंग्रजी सत्तेचा कोकणातील विस्तार समजून घेण्यासाठी या गावाचे महत्त्व लहान नाही. १७५५-५६ मध्ये पेशवे व ईस्ट इंडिया कंपनी यांनी मिळून तुळाजी आंग्रे याचा पाडाव केला. लुटीच्या आणि किल्ल्यांच्या वाटणीवरून दोघांत कुरबुर झाली आणि अखेर १२ ऑक्टोबर १७५६ रोजी पुण्यास तह होऊन विजयदुर्ग पेशव्यांकडे व बाणकोटचा हिंमतगड कंपनीकडे असा निवाडा झाला. कंपनीने त्या गडाचे नाव फोर्ट व्हिक्टोरिया ठेवले. बाणकोटाबरोबर सावित्रीकाठची जी थोडी गावे कंपनीस मिळाली त्यांत दासगाव होते. पेशवाईचा अस्त १८१८ मध्ये झाला. म्हणजे रायगडावर मराठ्यांचे निशाण असताना त्याच मुलखातील दासगावची रयत बासष्ट वर्षे कंपनीची रयत होती.

या बासष्ट वर्षांचा मराठी वाङ्मयाशी काय संबंध, असा प्रश्न साहजिकच उद्भवेल. मुंबईच्या लष्करात ज्या शिपायांनी पेशव्यांविरुद्ध पहिले युद्ध लढले, त्यांत कोकणच्या मराठी बोलणाऱ्या माणसांचा भरणा मोठा होता. त्यांचे नेतृत्व करणाऱ्या इंग्रज अधिकाऱ्यांविषयी मराठीत काही ना काही लिहिले गेले. त्या शिपायांविषयी जवळजवळ काहीच लिहिले गेले नाही. हे मौन नेमके कोठे आणि कसे निर्माण झाले, हे पाहण्यासाठी एका सेनानीचे चरित्र उपयोगी पडते. तो सेनानी म्हणजे मेजर-जनरल जेम्स हार्टली (१७४५-१७९९). क्लाइव्ह किंवा वेलस्ली यांच्याइतका तो प्रसिद्ध नाही. पण त्याच्या कारकिर्दीचा निर्णायक भाग तळेगाव, कल्याण आणि वसई यांच्या परिसरात घडला, आणि तो घडविणाऱ्या पलटणी प्रामुख्याने मुंबई इलाख्याच्या होत्या.

हार्टली १७६४ मध्ये मुंबईच्या लष्करी सेवेत दाखल झाला. दुसऱ्याच वर्षी, १७६५ मध्ये, मालवण व रायरी येथील किल्ल्यांवर कंपनीने जी मोहीम केली तीत तो होता. येथे महाडकडच्या वाचकाने सावध राहणे इष्ट. इंग्रजी कागदांत येणारी ही 'रायरी' म्हणजे रायगडाचे मूळ नाव धारण करणारी रायरी नव्हे. ती सावंतवाडीच्या मुलखातील रेडीचा यशवंतगड होय. नामसाम्यामुळे होणारा हा घोटाळा विद्यार्थ्यांच्या टिपणांत अधूनमधून आढळतो. मुंबईच्या शिपायांना नियमित पलटणींचे रूप १७६८ च्या सुमारास येऊ लागले. तोपर्यंत हे शिपाई म्हणजे निरनिराळ्या ठिकाणांहून जमविलेली, आपापल्या जमादाराच्या हाताखाली लढणारी माणसे होती. हार्टलीची पिढी ही या पलटणींबरोबर वाढलेल्या अधिकाऱ्यांची पहिली पिढी म्हणता येईल.

त्याचे नाव खऱ्या अर्थाने पुढे आले ते वडगावच्या मोहिमेत. रघुनाथरावास पुण्यास नेऊन गादीवर बसविण्याच्या हेतूने मुंबईकरांनी सुमारे ३,९०० माणसांचे सैन्य १७७८ च्या अखेरीस रवाना केले. कर्नल एगर्टन, कर्नल कॉकबर्न आणि जॉन कार्नाक या त्रयीच्या हाती कारभार होता. तिघांत एकवाक्यता नव्हती, एगर्टनची प्रकृती ठीक नव्हती, आणि सैन्य दिवसाला मैल-दोन मैल या गतीने सरकत होते. ४ जानेवारी १७७९ रोजी कार्ले येथे कॅप्टन जेम्स स्ट्युअर्ट मारला गेला. ९ जानेवारीस सैन्य तळेगावला पोचले. समोर नाना फडणीस व महादजी शिंदे यांच्या फौजा, गाव जाळून ओस पाडलेले, दाणागोटा मिळण्याची आशा नाही. पुणे अवघ्या नऊ-दहा कोसांवर राहिले असता माघार घेण्याचे ठरले. ११ जानेवारीच्या रात्री अवजड तोफा तळ्यात ढकलून सैन्य गुपचूप मागे फिरले. पण मराठ्यांच्या नजरेतून ते सुटले नाही.

त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी पिछाडी सांभाळण्याचे काम कॅप्टन हार्टलीकडे आले. मराठ्यांच्या घोडदळाने पुनःपुन्हा हल्ले केले आणि पिछाडीच्या शिपायांनी ते परतवून लावले. उरलेले सैन्य वडगावात गोळा झाले तेव्हा वरिष्ठांचा धीर सुटलेला होता. तरीही व्यवस्थितपणे कोकणात उतरणे शक्य आहे, असे हार्टलीचे मत होते आणि ते त्याने मांडलेही. ते मानले गेले नाही. १६ जानेवारीच्या सुमारास वडगावचा करार झाला. त्यात साष्टीसह मिळविलेला मुलूख परत देण्याचे कबूल करण्यात आले. मुंबईच्या कौन्सिलने व कलकत्त्याच्या गव्हर्नर-जनरलने हा करार मानला नाही, हे सर्वविदित आहे. एगर्टन व कॉकबर्न यांना सेवेतून दूर करण्यात आले. हार्टलीस मात्र एकदम लेफ्टनंट-कर्नलची बढती मिळाली.

या बढतीनेच त्याच्या आयुष्याला एक विचित्र वळण दिले. त्याच्याहून ज्येष्ठ असलेल्या अधिकाऱ्यांनी ओरड केली आणि लंडनच्या संचालकांनी ज्येष्ठतेचा नियम उचलून धरला. पण तो निकाल येईपर्यंत हार्टली लढतच होता. बंगालकडून आलेल्या जनरल गॉडर्डच्या हाताखाली १५ फेब्रुवारी १७८० रोजी अहमदाबादेवर जो निकराचा हल्ला झाला त्याचे नेतृत्व त्याने केले. तेथून त्यास कोकणात धाडण्यात आले. मे १७८० मध्ये कल्याणच्या इंग्रज शिबंदीस मराठ्यांनी घेरले होते आणि अखेरचा हल्ला होण्याच्या बेतात होता. नेमक्या त्याच वेळी हार्टली पोचला आणि मराठ्यांच्या तळावर अकस्मात तुटून पडला. पावसाळा सरल्यावर मलंगगडाभोवती अडकलेल्या तुकडीस त्याने सोडविले. गॉडर्डने नोव्हेंबरमध्ये वसईला वेढा घातला तेव्हा वेढ्याच्या पाठीशी उभे राहून मराठ्यांची कुमक अडविण्याचे काम पुन्हा त्याच्याकडे आले.

वज्रेश्वरीजवळच्या दुगाड येथील १० ते १२ डिसेंबर १७८० च्या लढाईचे वर्णन मराठ्यांच्या इतिहासात तपशिलाने यावयास हवे होते. पण वसई गेल्याच्या दुःखात ते झाकोळले गेले आहे. रामचंद्र गणेश कानडे हा उत्तरेच्या मोहिमांत नाव कमावलेला सरदार वसईच्या मदतीस निघाला होता. वाट अडवून हार्टलीच्या पलटणी बसल्या होत्या. दोन दिवस मराठ्यांनी समोरून व पिछाडीवरून हल्ले केले. ११ तारखेस वसईचा किल्ला शरण गेला. १२ तारखेच्या पहाटे दाट धुके पडले होते. त्या धुक्याचा आडोसा घेऊन स्वतः रामचंद्र गणेश तोफांच्या तोंडापर्यंत येऊन भिडला. धुके अचानक विरळले, समोरासमोर मारा सुरू झाला आणि तो रणात पडला. ज्या किल्ल्यासाठी तो लढत होता तो आदल्याच दिवशी गेला होता. १७३९ मध्ये चिमाजीअप्पाने घेतलेली वसई एक्केचाळीस वर्षांनी मराठ्यांच्या हातून गेली ती अशी. चिमाजीअप्पाच्या विजयावर मराठीत जेवढे लिहिले गेले त्याच्या शतांशानेही या पहाटेवर लिहिले गेलेले नाही. पराभवाचे वाङ्मय पानिपतापुरतेच असावे, असा जणू एक अलिखित संकेत आपल्याकडे दिसतो.

पुढे गॉडर्ड फेब्रुवारी १७८१ मध्ये बोरघाटापर्यंत चढला. हरिपंत फडके व परशुरामभाऊ पटवर्धन यांनी त्याचा रसदमार्ग तोडून त्यास एप्रिलमध्ये पनवेलकडे परतण्यास भाग पाडले. त्या माघारीत इंग्रजांची ४६६ माणसे ठार व जखमी झाली. १७ मे १७८२ रोजी सालबाईचा तह झाला. तोवर हार्टली रुसून इंग्लंडला गेला होता. कंपनीने जी बढती रोखली तिची भरपाई राजाने केली. नव्याने उभारलेल्या ७५ व्या पलटणीचा तो लेफ्टनंट-कर्नल झाला. कंपनीचा चाकर अशा रीतीने राजाच्या लष्कराचा अधिकारी होऊन १७८८ मध्ये मुंबईस परतला. १० डिसेंबर १७९० रोजी मलबारात तिरुरंगाडी येथे त्याने टिपूच्या सैन्याचा पराभव केला. १७९२ च्या श्रीरंगपट्टणच्या मोहिमेत तो जनरल ॲबरक्रॉम्बीच्या सैन्यात होता. त्याच मोहिमेत पेशव्यांच्या बाजूने इंग्रजांचा मित्र म्हणून हरिपंत फडके उपस्थित होता. बारा वर्षांपूर्वीचे शत्रू असे एका छावणीच्या आसमंतात आले. १७९६ मध्ये हार्टली मेजर-जनरल झाला, १७९९ च्या अखेरच्या म्हैसूर युद्धातही तो होता, आणि त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला कण्णूर येथे अल्पशा आजाराने त्याचे निधन झाले.

चरित्र येथे संपते. त्याचा वारसा कोणता, हा प्रश्न मात्र येथून सुरू होतो.

तत्कालीन मराठी पत्रव्यवहाराकडे वळले असता पहिली गोष्ट लक्षात येते ती ही की, मराठी लेखणीस इंग्रज व्यक्तींपेक्षा इंग्रजांच्या व्यवस्थेत अधिक रस होता. गॉडर्डचा 'गाडर' झाला, स्ट्युअर्टचा 'इष्टुर' झाला; पण बहुतांश ठिकाणी शत्रू 'टोपीकर', 'इंग्रज' किंवा नुसत्या 'पलटणी' या शब्दांनी निर्दिष्ट होतो. वासुदेवशास्त्री खरे यांनी ऐतिहासिक लेखसंग्रहाच्या खंडांतून प्रसिद्ध केलेली पटवर्धन दप्तरातील पत्रे या दृष्टीने अभ्यासण्याजोगी आहेत. पत्रे लिहिणारे कारकून व सरदार शत्रूच्या शौर्याची चिकित्सा करीत बसत नाहीत. तो कोठे उतरला, दाणा किती आहे, पाणी कोठे आहे, वाट कोणती, या बाबी त्यांना महत्त्वाच्या वाटतात. ही दृष्टी काव्यात्म नसली तरी बोरघाटात विजय मिळाला तो याच दृष्टीमुळे. गद्याच्या अभ्यासकाने या पत्रांतील नेमकेपणाकडे बखरींच्या तुलनेत अधिक लक्ष द्यावयास हवे.

व्यक्तीचे नाव लक्षात ठेवण्याचे काम लोकस्मृतीने केले, आणि तिने निवड केली ती स्ट्युअर्टची. कार्ल्यास पडलेला हा कॅप्टन 'इष्टुर फाकडा' झाला. मानाजी शिंदे, कोन्हेरराव एकबोटे यांना जी पदवी लाभली ती एका परकी शत्रूस मिळावी, ही मराठी मनाच्या उदारतेची खूण म्हणून सांगितली जाते. ते खोटे नाही. परंतु त्याच मोहिमेत स्ट्युअर्टइतकाच, किंबहुना त्याहून अधिक काळ, शौर्याने लढलेला हार्टली त्या पंक्तीत का बसला नाही? याचे उत्तर उदारतेपेक्षा स्मृतीच्या आकृतिबंधात शोधावे लागते. महाराष्ट्रातील गावोगावच्या वीरगळांवर जो कोरलेला असतो तो त्या ठिकाणी पडलेला वीर असतो. खालच्या पट्टीत झुंज, मधल्या पट्टीत अप्सरा, वर कैलास. या रचनेत मरणावाचून वीराला जागा नाही. स्ट्युअर्टचा देह मावळात पडला. त्याचे स्थान झाले, त्याच्याभोवती आख्यायिका जमली. हार्टलीचे शौर्य माघारीचे होते. न मरण्याचे आणि आपली माणसे मरू न देण्याचे. पिछाडी सांभाळणाऱ्याचा वीरगळ कोणी घडवीत नाही. पोवाड्याच्या रचनेलाही असा नायक पेलत नाही. कारण त्याच्या कर्तृत्वाचा परमोच्च बिंदू म्हणजे काही विशेष न घडणे हा असतो.

हार्टली मराठी वाचकास नावानिशी भेटला तो यानंतर अर्ध्या शतकाने, आणि तोही भाषांतराच्या वाटेने. ग्रँट डफचा मराठ्यांचा इतिहास १८२६ मध्ये प्रसिद्ध झाला. कॅप्टन डेव्हिड केपन याने पुढील तीन-चार वर्षांतच त्याचे 'मराठ्यांची बखर' या नावाने मराठी रूपांतर सिद्ध केले. डफ स्वतः मुंबईच्या लष्करातील अधिकारी होता. हार्टलीविषयीचा त्याचा आदर त्याच्या कथनात जागोजाग जाणवतो. अशा रीतीने पेशवाईच्या शत्रूचे गुणवर्णन पेशवाई बुडाल्यानंतर बाराच वर्षांत शाळेतील मराठी मुलांच्या हाती 'बखर' या घरच्या नावाखाली आले. साहित्यप्रकाराचे नाव तेच ठेवून त्यातील निवेदकाची बाजू बदलण्याचा हा प्रकार मराठी गद्याच्या इतिहासात पुरेसा तपासला गेलेला नाही. नीळकंठ जनार्दन कीर्तने यांनी १८६७-६८ च्या सुमारास या ग्रंथावर जी टीका लिहिली, तिने मराठी इतिहासलेखनाला स्वत्वाची दिशा दिली यात शंका नाही. राजवाडे, खरे, साने, सरदेसाई यांचे कार्य त्याच दिशेने झाले. पण या सर्व परंपरेत लढाईच्या दोन बाजू गृहीत धरल्या गेल्या, एक मराठी आणि दुसरी इंग्रजी. दुसऱ्या बाजूला उभे असलेले शिपाई कोणती भाषा बोलत होते, हा प्रश्न डफने विचारला नाही आणि डफच्या टीकाकारांनीही विचारला नाही.

त्या शिपायांच्या अस्तित्वाचा एक पुरावा मात्र भाषेतच शिल्लक आहे. कंपनीच्या पलटणीत देशी अंमलदारांच्या ज्या पायऱ्या होत्या त्यांची नावे नाईक, हवालदार, जमादार, सुभेदार अशी आहेत. हे शब्द इंग्रजांनी घडविले नाहीत. फार्सीतून आलेले असोत वा संस्कृतातून, ते मराठी राज्यव्यवहारात रुळलेले शब्द होते. मात्र त्यांच्या अर्थाचे काय झाले ते पाहावे. शिवकालात गडाचा हवालदार हा गडाचा मुख्य अधिकारी; किल्ल्याच्या किल्ल्या त्याच्या स्वाधीन. पलटणीतला हवालदार म्हणजे थोड्या शिपायांवरचा मुकादम. सुभेदार म्हणजे एका सुभ्याचा कारभार पाहणारा. पलटणीतला सुभेदार एका कंपनीपुरता, आणि तोही नुकत्याच मिसरूड फुटलेल्या गोऱ्या एन्साइनच्या आज्ञेत. शब्द तेच राहिले आणि त्यांतली सत्ता गळून गेली. तथापि ही प्रक्रिया केवळ ऱ्हासाची आहे असे मानणे एकांगी होईल. ज्या माणसांना पेशवाईत गडाचा हवालदार होण्याची कल्पनाही करता आली नसती, त्यांना हा संकोचलेला 'हवालदार' शब्द प्रथमच मिळाला होता. एकाच शब्दाचा अर्थ वरून पाहणाऱ्यास घसरलेला आणि खालून पाहणाऱ्यास चढलेला दिसतो. या दोन्ही नजरा एकत्र ठेवल्यावाचून अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातील मराठीचा शब्दार्थविचार पुरा होत नाही.

मुंबईच्या पलटणींत कोण होते? मराठे होते, भंडारी होते, कोकणी मुसलमान होते. कुलाब्याच्या किनाऱ्यावरील बेने इस्रायल होते. त्यांच्यातील सॅम्युअल इझिकेल दिवेकर हे देशी कमांडंटच्या पदापर्यंत पोचले, टिपूच्या कैदेतून सुटून आले आणि १७९६ मध्ये त्यांनी मुंबईत आपल्या समाजाचे पहिले प्रार्थनामंदिर उभारले. आणि महार होते. इंग्रजी लष्करी कागदांत ते 'परवारी' या नावाने येतात. १ जानेवारी १८१८ च्या कोरेगावच्या लढाईत पडलेल्या शिपायांची नावे तेथील स्तंभावर कोरली गेली, तेव्हा 'नाक' हा प्रत्यय अंगावर वागविणारी ही नावे दगडावर ठळकपणे आली. हार्टलीच्या काळात त्यांच्यासाठी असा दगड उभा राहिला नाही. तळेगावची पिछाडी आणि दुगाडचे धुके यांच्या वृत्तांतांत अधिकाऱ्यांची नावे येतात, शिपायांच्या वाट्यास पलटणीचा क्रमांक येतो.

दासगाव-बाणकोटचा टापू कंपनीच्या अमलाखाली होता, एवढ्यावरून तेथील अमुक माणसे हार्टलीच्या हाताखाली लढली असे म्हणणे धाडसाचे होईल. परंतु परिस्थितीचा रोख स्पष्ट आहे. १७७१ मध्ये बाणकोटास राहिलेला कंपनीचा चाकर जेम्स फोर्ब्स याने आपल्या आठवणींत दासगावचे व तेथून जवळ असलेल्या उन्हाळ्यांचे वर्णन केले आहे. मुंबईच्या गोऱ्यांना गोमांस पुरविणे हा बाणकोट राखण्यामागील एक उद्देश होता, हेही त्याच काळच्या लेखनातून कळते. या व्यवहाराने पेशव्यांच्या मुलखात जे निषिद्ध ते खाडीपलीकडे रोजचे, अशी एक सीमारेषा निर्माण झाली. खाडीतून निघालेले गलबत मुंबईस पोचत होते आणि मुंबईत पलटणीची भरती चालू होती. गावकुसाबाहेर राहणाऱ्या, बलुत्याच्या तुकड्यावर जगणाऱ्या माणसासाठी ही वाट कशी असेल याची कल्पना करण्यास फारशी प्रतिभा लागत नाही. पेशव्यांच्या विरुद्ध लढताना त्याला आपण स्वराज्याविरुद्ध लढत आहोत असे वाटले असेल का, हा प्रश्न अलीकडे पुष्कळदा आवेशाने विचारला जातो आणि तितक्याच आवेशाने त्याची दोन्ही प्रकारची उत्तरे दिली जातात. आवेश बाजूला ठेवला तर इतकेच दिसते की, 'स्वराज्य' आणि 'चाकरी' या दोन शब्दांपैकी दुसराच त्याच्या अनुभवात होता.

या माणसांचे स्वतःचे मराठी लेखन उपलब्ध होण्यास शंभर वर्षे जावी लागली, आणि ते आले महाडच्याच परिसरातून. महाडनजीकच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर लष्करातून निवृत्त झाल्यावर दापोलीस राहिले. 'विटाळविध्वंसन' हे त्यांचे पुस्तक १८८८ चे. पुढे लष्कराने महारांची भरती बंद केली तेव्हा १८९४ च्या सुमारास त्यांनी तयार केलेले विनंतीपत्र हा मराठी गद्याचा एक असाधारण नमुना आहे. त्याचे बाह्य रूप अर्जाचे. वरिष्ठांस नम्रपणे केलेली विज्ञापना. अंतरंग मात्र कैफियतीचे, म्हणजे आपल्या कुळाची, सेवेची आणि हक्काची हकीकत सांगण्याच्या जुन्या मराठी प्रकाराचे. वतनदार आपल्या कैफियतीत पूर्वजांनी कोणत्या राजाची कोणती सेवा केली ते सांगत असे. वलंगकर आपला समाज मूळचा क्षत्रिय असल्याचे सांगतात आणि लष्करी चाकरीचा दाखला देतात. कैफियत लिहिण्याचा अधिकार ज्यांना कधी नव्हता त्यांनी कैफियतीचा आकृतिबंध हाती घेतला, हे या लेखनाचे वाङ्मयीन महत्त्व होय. दलित आत्मकथनांचा विचार करताना त्यांची पूर्वपीठिका सामान्यतः फुले यांच्या गद्यात शोधली जाते. तो शोध योग्यच आहे; पण छावणीतील शाळेत अक्षरओळख झालेल्या, हुकूम, रिपोर्ट आणि अर्ज यांच्या मराठीवर पोसलेल्या पेन्शनर लेखकांचे गद्य ही तिची दुसरी मुळी आहे. ती अद्याप पुरेशी उकरली गेलेली नाही. पदव्युत्तर वर्गांच्या अभ्यासक्रमांत वलंगकरांचे विनंतीपत्र क्वचितच नेमले जाते; बखरी मात्र दरवर्षी नेमल्या जातात.

१९-२० मार्च १९२७ रोजी महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. तिच्या उभारणीत रामचंद्र बाबाजी मोरे यांचा पुढाकार होता. त्यांच्या घराचा दासगावशी संबंध होता. अध्यक्षपदावरून केलेल्या भाषणात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी या भागातील अस्पृश्य समाज एकेकाळी लष्करी नोकरीमुळे कसा पुढारलेला होता आणि भरती बंद झाल्याने त्याची कशी पीछेहाट झाली, याचा विस्ताराने परामर्श घेतला. ते स्वतः सुभेदाराचे पुत्र होते. कंपनीच्या चाकरीविषयी त्या भाषणात कोठे संकोच नाही आणि कोठे अवाजवी अभिमानही नाही. एका समाजाला अक्षर, पगार आणि शिस्त कोणत्या दाराने मिळाली आणि ते दार कोणी लावून घेतले, याचा तो हिशेब आहे. हार्टलीचे नाव तेथे येण्याचे कारण नव्हते.

त्याच वर्षी सत्याग्रह परिषदेसाठी २४ डिसेंबरला मुंबईहून 'पद्मावती' बोट निघाली. रस्त्याने जाण्यास वाहने मिळण्याची खात्री नव्हती, म्हणून जलमार्ग निवडला गेला. रात्र हरिहरेश्वरला काढून २५ तारखेस बोट बाणकोटच्या खाडीत शिरली, फोर्ट व्हिक्टोरियाच्या पायथ्यावरून वर आली, आणि दुपारी आंबेडकर दासगावच्या धक्क्यावर उतरले. हजारो माणसे तेथे वाट पाहत उभी होती. त्यांनी रांगा धरल्या आणि मिरवणूक महाडच्या वाटेला लागली.